नुसते नाव ठरवू नका, पुढची बोलीही ठरवा: ब्रिजच्या टेबलावर या चुका टाळा

मराठवाड्यात ब्रिजकडे वळणारे बरेचसे खेळाडू मेंढीकोट खेळत मोठे झालेले असतात. त्या खेळात भिडू समोर बसलेला असतो, पण त्याच्याशी आधी काही ठरवावे लागत नाही. मेंढ्या पकडायच्या एवढे दोघांना कळले की डाव सुरू होतो. ब्रिजमध्ये तसे चालत नाही. येथे आपल्या १३ पानांचे वर्णन करायला ३५ बोली (प्रत्येक बोली म्हणजे सहाच्या वर किती हात करणार आणि हुकूम कोणता, याचा वायदा) आणि त्यांच्या जोडीला पास, डबल व रिडबल एवढेच शब्द मिळतात, आणि त्यांतल्या कोणत्या शब्दाचा अर्थ काय हे दोन्ही भिडूंनी डाव सुरू होण्यापूर्वी ठरवलेले असावे लागते. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा आमच्याकडेही अनेक तरुणांना या खेळाची ओढ लागली. त्यांच्या विजयातली कन्व्हेन्शन, म्हणजे बोलींना आधी ठरवून दिलेले खास अर्थ, सर्वांना दिसली. पण ती जोडी अनेक वर्षे एकत्र खेळलेली होती, ही गोष्ट फार थोड्यांनी लक्षात घेतली.

गेली कित्येक वर्षे मी परभणी, नांदेड आणि संभाजीनगरच्या टेबलांवर बसतो आहे, आणि पानांच्या खेळात जेवढे डाव गेलेले पाहिले त्याहून अधिक डाव बोलीतल्या गैरसमजाने गेलेले पाहिले आहेत. त्यांतला सर्वांत महाग गैरसमज एक्के विचारण्याच्या बोलीत होतो, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहितो.

ईझली ब्लॅकवुड यांनी १९३३ साली चार नो ट्रम्पची (एरवी हुकमाशिवाय दहा हातांची) बोली एक्के विचारण्यासाठी सुचवली. मूळ पद्धतीत उत्तर सोपे आहे: एकही एक्का नसेल किंवा चारही असतील तर पाच किलवर, एक असेल तर पाच चौकट, दोन असतील तर पाच बदाम, तीन असतील तर पाच इस्पिक. पुढे हुकमाच्या राजालाही एक्क्याचा मान मिळाला, एकूण पाच ‘की कार्ड’ झाली, आणि त्या सुधारित रूपाला रोमन की कार्ड हे नाव पडले. या रूपाच्याही दोन शाखा आहेत. ‘तीस-चौदा’ पद्धतीत पाच किलवर म्हणजे शून्य किंवा तीन आणि पाच चौकट म्हणजे एक किंवा चार. ‘चौदा-तीस’ पद्धतीत याच्या नेमके उलट. म्हणजे एकाच चार नो ट्रम्पमागे तीन वेगवेगळ्या भाषा उभ्या आहेत, आणि त्यांपैकी दोन भाषांना लोक एकाच नावाने हाक मारतात.

संभाजीनगरच्या एका सांघिक स्पर्धेला मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ अभियंत्यांबरोबर गेलो होतो. आम्ही पूर्वी एकत्र खेळलो नव्हतो, त्यामुळे काय काय खेळायचे ते परभणीहून रेल्वेने जातानाच ठरवत होतो. सेलू मागे पडल्यावर मी विचारले, “साहेब, रोमन की कार्ड ना?” ते म्हणाले, “हो, तेच खेळू या.” एवढ्यावर तो विषय संपला आणि जालना येईपर्यंत आम्ही उतारीच्या संकेतांवर बोलत राहिलो.

तिसऱ्या फेरीत त्यांनी एक इस्पिकने सुरुवात केली. माझ्याकडे इस्पिकाचा राजा धरून चार पाने, बदामाचे एक्का-राजा-राणी आणि एक लहान पान, चौकटचा गुलाम आणि पंजा, तर किलवरचे राजा-गुलाम-अठ्ठा होते. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १ धरून एकूण १७ गुण. इस्पिक हुकूम ठरल्यावर मी चार नो ट्रम्प विचारले आणि त्यांनी पाच चौकटचे कार्ड टेबलावर ठेवले. मी चौदा-तीस खेळतो, त्यामुळे माझ्या दृष्टीने त्यांच्याकडे एकही की कार्ड नव्हते किंवा तीन होती. एकही नसेल तर उरलेली चित्रे सगळी त्यांच्याकडे असली तरी ११ च गुण भरत होते, आणि ते गृहस्थ तेवढ्यावर डाव उघडणारे नव्हेत. म्हणजे तीन असणार, आणि माझी दोन धरून पाचही आमच्याकडे आहेत, असा हिशेब मी मांडला. हुकमाची राणी विचारण्याची बोली आमच्यात ठरलेली नव्हती, म्हणून सातचा विचार सोडून मी सहा इस्पिकवर थांबलो.

काँट्रॅक्ट, म्हणजे शेवटी ठरलेली बोली, त्यांचे होते, म्हणून उतारी झाल्यावर मी डमी म्हणून पाने उघडी मांडली; डमीची पाने भिडूच खेळतो. पहिली उतारी चौकटच्या एक्क्याची होती आणि लगोलग त्याच खेळाडूने किलवरचा एक्का ठेवला. साहेबांकडे इस्पिकाचे एक्का-राणी-गुलाम, चौकटचे राजा-राणी आणि किलवरची राणी होती. की कार्ड एकच. ते तीस-चौदा खेळत होते आणि त्यांच्या भाषेत त्यांनी अगदी बरोबर उत्तर दिले होते. उरलेले अकरा हात त्यांनी सहज केले. आम्ही व्हल्नरेबल होतो, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे. दुसऱ्या टेबलावर याच पानांवर चार इस्पिक बोलून अकरा हात झाले आणि विरुद्ध संघाला ६५० मिळाले, तर आमचा एक हात कमी पडून १०० गेले. फरक ७५०, म्हणजे सांघिक सामन्याच्या मोजणीत १३ आयएमपी. आणि तो सामना आम्ही त्याहून कमी फरकाने हरलो.

या डावात दोघांपैकी एकानेही चुकीची बोली केली नव्हती, म्हणूनच तो माझ्या मनातून जात नाही. चूक रेल्वेच्या डब्यात झाली होती. तेव्हापासून मी कोणत्याही नव्या भिडूला “ब्लॅकवुड खेळता का” असे विचारतच नाही. “माझ्याकडे एक की कार्ड असेल तर मी काय बोलू?” असे विचारतो, आणि त्याच्या तोंडून बोली ऐकल्याशिवाय पुढे जात नाही. त्यानंतर चार प्रश्न आणखी विचारतो: हुकूम स्पष्ट ठरलेला नसताना चार नो ट्रम्प आला तर कोणता रंग धरायचा (मी शेवटी बोललेला रंग धरतो), राणी कशी विचारायची, मध्येच विरोधकांनी बोली केली तर उत्तर कसे द्यायचे, आणि एखाद्या रंगाचे एकही पान नसेल तर ते सांगायचे की नाही. या सगळ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. ज्यांना ही पाच मिनिटे जड वाटतात, त्यांनी जुना साधा ब्लॅकवुडच खेळावा असे माझे स्पष्ट मत आहे. दोघांनाही सारखी कळणारी साधी पद्धत, एकालाच कळणाऱ्या सुधारित पद्धतीपेक्षा अधिक हात मिळवून देते.

दुसरी चूक ट्रान्सफरची, म्हणजे आपल्या रंगाच्या खालचा रंग बोलून भिडूकडून आपला रंग बोलवून घेण्याच्या पद्धतीतली आहे, आणि ती नवशिक्यांपुरती मर्यादित नाही. भिडूने १५ ते १७ गुणांवर एक नो ट्रम्पने डाव उघडला की दोन चौकट म्हणजे पाच किंवा अधिक बदाम, आणि दोन बदाम म्हणजे पाच किंवा अधिक इस्पिक, एवढे सर्वांना पाठ असते. पण डावात विरोधकही बसलेले असतात, आणि त्यांनी एक नो ट्रम्पला डबल दिला किंवा मध्ये दोन किलवर घातले की दोन्ही भिडू आपापल्या मनाने अर्थ लावू लागतात. नांदेडला माझ्यासमोर घडलेला प्रसंग सांगतो. एका मध्यमवयीन खेळाडूने एक नो ट्रम्प उघडला, विरोधकाने डबल दिला, आणि त्याच्या तरुण भिडूने चार गुण व पाच इस्पिक हातात असताना ट्रान्सफर म्हणून दोन बदाम लावले. उघडणाऱ्याच्या समजुतीने डबलनंतर ट्रान्सफर बंद होती, म्हणून त्याने पास केला. डबल देणाऱ्याने आपली पाळी आल्यावर दोन बदामाचा अर्थ विचारला, तेव्हा “बदामच आहेत” असे उत्तर मिळाले, आणि त्याने तीन किलवर बोलले. आता त्या तरुणाने तीन इस्पिक लावले.

डायरेक्टरला, म्हणजे स्पर्धेच्या पंचांना, बोलावण्यात आले आणि त्यांनी निकाल बदलून तीन किलवरचा केला. तो तरुण फार दुखावला. आपण आपलीच पाने सांगितली, त्यात गैर काय, असे तो पुन्हा पुन्हा विचारत होता. त्याची तळमळ खरी होती, पण डायरेक्टरांचा निर्णय अचूक होता. ब्रिजच्या नियमावलीतला १६ वा नियम सांगतो की भिडूने दिलेले स्पष्टीकरण, त्याचा अलर्ट (बोलीला खास अर्थ आहे असा विरोधकांना दिलेला इशारा), त्याचे थबकणे किंवा चेहऱ्यावरचा भाव यांतून कळलेल्या गोष्टीचा आधार घेऊन बोली करता येत नाही. त्या तरुणाच्या हिशेबाने त्याने इस्पिक एकदा सांगून झाले होते आणि चार गुणांवर पुन्हा बोलण्याचे कारण नव्हते. भिडूला ते कळलेच नाही, हे त्याला फक्त त्या स्पष्टीकरणामुळे समजले. अशा वेळी पासच करावा लागतो, मग डाव कितीही वाईट जावो.

या विषयाची दुसरी बाजूही शिकवली जात नाही. भिडूने आपल्या बोलीचा चुकीचा अर्थ सांगितला तर बोली चालू असताना आपण त्याला दुरुस्त करायचे नसते आणि चेहऱ्यावरही काही दाखवायचे नसते. काँट्रॅक्ट आपल्या बाजूचे झाले तर शेवटच्या पासनंतर आणि उतारीपूर्वी डायरेक्टरला बोलावून खुलासा करायचा. आपण बचावाला असू तर डाव संपल्यावरच करायचा, कारण आधी सांगितले तर ते भिडूलाच सांगितल्यासारखे होते. कन्व्हेन्शन शिकवणाऱ्याने हा भाग त्याच दिवशी शिकवला पाहिजे. तो टाळणे म्हणजे मोटार चालवायला शिकवून ब्रेक कुठे आहे ते न सांगणे होय.

ट्रान्सफरबाबत माझी सवय अशी आहे की विरोधकांनी डबल दिला किंवा दोन किलवर घातले तर सर्व पद्धत जशीच्या तशी चालू ठेवायची, दोन किलवरवर आमचा डबल म्हणजे स्टेमन (बदामाची किंवा इस्पिकाची चार पाने आहेत का, हा प्रश्न) समजायचा, आणि दोन चौकट किंवा त्याहून वरची बोली आली तर सर्व काही बंद करून आपापला रंग सांगायचा. विरोधकांनी ट्रान्सफरच्या बोलीलाच डबल दिला तर उघडणाऱ्याने त्या रंगाची तीन पाने असतील तरच तो रंग बोलायचा, दोन असतील तर पास करायचा. इतरांनी वेगळे ठरवले तरी माझी हरकत नाही, पण ठरवावे.

हे पक्के व्हावे म्हणून मी भिडूबरोबर महिन्यातून एक संध्याकाळ फक्त बोलीसाठी ठेवतो. एका बाजूला मुद्दाम १५ ते १७ गुणांची सपाट पाने देतो, उरलेली ३९ पाने पिसून वाटतो, आणि बोली झाली की पाने गोळा करतो. हात खेळतच नाही. दोन तासांत वीस-पंचवीस बोली होतात आणि जिथे आम्ही अडखळतो ती जागा वहीत लिहितो. तरुण मंडळींना हे कंटाळवाणे वाटते. अलीकडे एक जण बर्गन, ड्रुरी, स्मोलन आणि लेबेन्सोल अशी कन्व्हेन्शनची नावे लिहिलेला कागद घेऊन माझ्याबरोबर खेळायला आला होता. लेबेन्सोलमध्ये दोन नो ट्रम्पनंतर भिडूने काय बोलायचे असते, असे मी विचारले, तेव्हा त्याला सांगता आले नाही. त्या दिवशी आम्ही स्टेमन, ट्रान्सफर आणि ब्लॅकवुड एवढ्यावरच खेळलो, आणि त्याचा खेळ मला आवडला.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. एक नो ट्रम्पवर थेट चार नो ट्रम्प म्हणजे एक्क्यांचा प्रश्न नव्हे. स्लॅमसाठी, म्हणजे बारा हातांच्या बोलीसाठी, दोघांचे मिळून सुमारे ३३ गुण लागतात, तेव्हा कमाल गुण असतील तर सहा बोला असे ते निमंत्रण असते, आणि एक्के विचारायचे असतील तर गर्बरची चार किलवर वापरावी. चार-तीन-तीन-तीन अशा सपाट पानांवर मी स्टेमन विचारत नाही. निगेटिव्ह डबल (विरोधकांनी मध्ये बोली केल्यावर न बोललेले रंग दाखवणारा डबल) कोणत्या पातळीपर्यंत धरायचा, हा आकडा मोठ्याने बोलून ठरवावा. माझ्या वहीत तो दोन इस्पिकपर्यंत आहे. तीन रंग बोलून झाल्यावर चौथ्या रंगाची बोली भिडूला एका फेरीपुरती बांधते की गेमपर्यंत, म्हणजे मोठे बक्षीस मिळणाऱ्या पातळीपर्यंत, हेही तसेच. एकावर दोनची बोली (भिडूच्या एकच्या बोलीवर दोनच्या पातळीवर नवा रंग) जुन्या खेळाडूंकडे १० गुणांवर होते आणि नव्यांकडे ती गेमपर्यंत बांधून ठेवते, त्यामुळे दोन पिढ्यांची जोडी बसली की हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो.

ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर शिकलेल्यांसाठी एक वेगळी सूचना आहे. तिथे आपली बोली आपणच अलर्ट करायची असते, कारण भिडूला ते दिसत नाही; समोरासमोरच्या टेबलावर अलर्ट भिडूने द्यायचा असतो, आणि स्वतःच्या बोलीचा अर्थ स्वतः सांगितला तर तो भिडूच्या कानावर पडतो.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी नवे काहीही ठरवत नाही, समोरचा भिडू कितीही अनुभवी असला तरी. आणि एखादे कन्व्हेन्शन आमच्यापैकी कोणीही दोनदा विसरले, तर वहीतल्या त्या ओळीवर रेघ मारून तीन महिने ते न खेळण्याचा आमचा नियम आहे. त्या अभियंता साहेबांबरोबर मी नंतर सहा वर्षे खेळलो. वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात ‘पाच किलवर: एक किंवा चार’ असे लिहिलेले आहे.