रोशा तेल कमी का येतं? घरच्या भट्टीतल्या या चुका टाळा

बांधावर तिखाडी, म्हणजे रोशा गवत, उभं असतं. पऱ्हाटीचं सरपण घरचंच. मग दिवाळीच्या सुमारास गवत फुलोऱ्यात आलं की घरीच तेल काढून पाहावं, असं वाटतंच. पुढे तेल कमी निघालं की दोष भांड्याला. भांडं बहुधा ठीकच असतं, घोळ थंड पाण्यात असतो.

गवतातून वाफ निघताना तेल सोबत घेते, आणि नळीत थंड होऊन तिचं पाणी होतं. वाफेचं पूर्ण पाणी झालं नाही तर तेल तिच्याबरोबर हवेत जातं. अंगणात घमघमाट सुटला म्हणून खूश होऊ नका, तो वास तुमच्याच तेलाचा. वाफ थंड करणारी वेटोळ्याची नळी ज्या ड्रममध्ये असते, त्यातलं पाणी आधी वरच्या बाजूला तापतं. बरेच जण वरूनच बादली ओततात. त्याने थंड-गरम सगळं एक होतं. गार पाणी पाइपाने तळाशी सोडा आणि तापलेलं वरच्या तोटीतून वाहू द्या. नळीतून पडणारं पाणी बोटाला कोमट लागलं पाहिजे. चटका बसला तर आधी जाळ ओढा.

जाळाचंही तसंच. पऱ्हाटी भसकन पेटते आणि लगेच विझते. एकदम भारा सारला की उकळी गवतापर्यंत चढते. मूठ-मूठ सारत राहा, सोबत बाभळीचं एखादं लाकूड ठेवा.

गवत पाण्यात बुडवू नका. जाळी पाण्याच्या वर हवी, नाहीतर तेलाला करपट वास लागतो. भरताना कडेने नीट दाबा. सैल जागा राहिली की वाफ तिथूनच वाट काढते आणि बाकीचं गवत कोरं राहतं. शंभर किलो हिरव्या गवतातून अर्ध्या किलोच्या आसपास तेल निघतं. दुप्पट निघेल असं सांगणाऱ्याकडून भट्टी विकत घेऊ नका. रोशात मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत, दिसायला जवळजवळ सारखे. भाव मोतियाला आहे, तेव्हा सरमिसळ करू नका.

झाकणाचा सांधा कणकेने लिंपतात, ते योग्यच आहे: आत दाब वाढला तर आधी कणीक सुटते. नळी मात्र कधीही बंद करू नका, चेपू देऊ नका. काड्या अडकून ती तुंबली तर भांडंच फुटू शकतं. म्हणून प्रत्येक घाण्याआधी नळीत पाणी सोडून पाहा.

तेल पाण्यापेक्षा हलकं असल्याने वर तरंगतं. ते पळीने काढत बसलात तर निम्मं पळीलाच लागतं. तळाशी तोटी असलेलं भांडं घ्या, खालचं पाणी सोडून द्या. ते पाणी फेकू नका, त्यात थोडं तेल विरघळलेलं असतं. पुढच्या घाण्याला भांड्यात तेच ओता.

एक मात्र स्पष्ट सांगतो. याच भट्टीत मोहाची काढू, असं कुणी सुचवेलच. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात विनापरवाना दारू गाळणंच नव्हे, त्यासाठी भट्टी बाळगणंही गुन्हा आहे, आणि वर्धा, गडचिरोली तर दारूबंदीचेच जिल्हे. गाळलेल्या दारूत काय उतरलं, हे डोळ्यांना दिसत नाही. तेलाची भट्टी उघड्यावर मांडा, गवताचा भारा जाळापासून दूर पण नजरेत असू द्या, म्हणजे कुणाला शंका येणार नाही.

तेल गाळून, पाण्याचा थेंबही न ठेवता, रंगीत काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये नको, तेल प्लॅस्टिकला खातं.