माशाच्या प्रजातीवरचा विकिपीडिया लेख कसा तपासायचा आणि सुधारायचा

खातं कसं काढायचं, संपादनचं बटण कुठं असतं, संदर्भ कसा जोडायचा हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. येत नसेल तर आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, दोन दिवस हात बसवा, मग या.

माशांच्या लेखाला हात लावणाऱ्या नवीन माणसाला सगळे एकच सल्ला देतात, की शुद्धलेखनापासून सुरुवात करा, ते सोपं असतं. माझं मत याच्या अगदी उलट आहे. भाषा सगळ्यात शेवटी. चुकीच्या माशाबद्दलचा परिच्छेद छान मराठीत लिहून ठेवला की तो जास्तच खरा वाटायला लागतो आणि मग पाच वर्षं त्याला कोणी हात लावत नाही, शाळेतली पोरं तिथनं प्रोजेक्टमध्ये उतरवतात, पेपरवाले उचलतात, आणि फिरून तीच बातमी लेखात संदर्भ म्हणून येऊन बसते. इंग्रजी पान भाषांतर यंत्रात टाकून जसंच्या तसं चिकटवा असं सांगणारेही भेटतील. त्यांचं तर अजिबात ऐकू नका.

उदाहरणाला आपल्या कृष्णेतलाच मासा घेतो, महाशीर. सांगली-साताऱ्याकडच्या कुणाला तरी या लेखात भर घालाविशी वाटणार हे उघड आहे, आणि गोंधळही सगळ्यात जास्त याच माशाचा आहे.

लेख नेमका कशावर आहे ते ठरवा

महाशीर हा एक मासा नाही, तो अख्खा गट आहे. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातला टॉर खुद्री, हिमालयाकडच्या नद्यांतला टॉर पुटिटोरा, कावेरीतला टॉर रेमादेवी. लेख गटावर असेल तर तसं पहिल्याच ओळीत लिहा, एका प्रजातीवर असेल तर बाकीच्यांची माहिती तिथनं उचलून बाजूला काढा. याला दहा मिनिटं लागतात.

नावाची भानगड, इथं घाई करू नका

मलाही सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर लागायचा आणि अजूनही लागतो. बाकी सगळं काम याच्यावर उभं आहे.

शास्त्रीय नावापुढं माणसाचं नाव आणि साल असतं, त्यातला कंस आधी बघा. टॉर खुद्री (साईक्स, १८३९) असं कंसात लिहितात कारण कर्नल साईक्सनं या माशाचं वर्णन केलं तेव्हा त्याला बार्बस खुद्री म्हटलं होतं, नंतर तो टॉर या वंशात, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटात, गेला. वंश बदलला की कंस येतो, हा प्राणिनामकरणाचा नियम आहे. टॉर रेमादेवीचं वर्णन कुरुप आणि राधाकृष्णन यांनी २०११ मध्ये टॉर म्हणूनच केलं, म्हणून तिथं कंस नाही. लोकांना वाटतं कंस ही टायपिंगची आवडनिवड आहे आणि ते एकसारखं दिसावं म्हणून सगळीकडं घालतात किंवा सगळीकडनं काढतात. कुणी असं केलेलं दिसलं तर लगेच उलटवा आणि चर्चा पानावर कारण लिहा.

सालाचंही तसंच. साईक्सचा दख्खनच्या माशांवरचा लेख लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या १८३८ च्या अंकात आहे, पण तो अंक प्रत्यक्ष छापून आला १८३९ मध्ये, आणि चित्रांसकट सविस्तर लेख आला १८४१ मध्ये. तुम्हाला तिन्ही सालं सापडतील. धरायचं ते पहिल्यांदा छापून आलेलं, म्हणजे १८३९. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचा एशमायर कॅटलॉग ऑनलाईन फुकट आहे, त्यात मूळ नाव, साल, मासा कुठनं पकडला ते ठिकाण आणि आजचं वैध नाव असं सगळं एका नोंदीत मिळतं. खुद्रीचं मूळ ठिकाण पुण्याजवळची मुळा-मुठा. ती भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला, म्हणजे हा मासा आपल्याच खोऱ्यातला.

आता खरी मेहनत. त्या नोंदीतून माशाची सगळी जुनी नावं कागदावर उतरवून घ्या. मग लेखातलं एकेक वाक्य घ्या, त्याचा संदर्भ उघडा आणि एवढंच विचारा की हे लिहिणारा माणूस नेमक्या कुठल्या माशाबद्दल बोलतोय. संदर्भ आहे का हे विचारून भागत नाही. संदर्भ दणदणीत असतो, फक्त दुसऱ्याच माशाचा असतो.

मुसुल्लाहचंच बघा. साईक्सनं त्याच वेळी शिरूरजवळच्या घोड नदीतून बार्बस मुसुल्लाह नावाचा मासा नोंदवला. पुढं हे नाव कावेरीतल्या कुबड असलेल्या प्रचंड महाशीरला चिकटलं आणि कित्येक दशकं पुस्तकांत तो टॉर मुसुल्लाह म्हणूनच वावरला. २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की साईक्सचा मुसुल्लाह महाशीर नाहीच, तो हिप्सेलोबार्बस या वेगळ्या वंशातला आहे. मग कावेरीतला कुबडवाला कोण, तर २०१८ मध्ये ठरलं की तो टॉर रेमादेवी. म्हणजे २०१३ च्या आधीच्या एखाद्या पुस्तकात टॉर मुसुल्लाह असं दिसलं तर ते वाक्य मुसुल्लाहच्या लेखातही चालत नाही आणि खुद्रीच्या लेखात तर नाहीच नाही. १९४६ मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेल्या १२० पौंडी, म्हणजे साधारण ५४ किलोच्या महाशीरचा विक्रम प्रसिद्ध आहे, आणि वजन मोठं म्हणून तो सगळ्यांनाच आपल्या लेखात हवा असतो. काबिनी ही कावेरीची उपनदी आणि तो मासा कुबडवाला. खुद्रीच्या लेखात तो दिसला तर काढून टाका, "संदर्भ हवा"चा साचा, म्हणजे तयार सूचना, लावून ठेवून देऊ नका. साचे वर्षानुवर्षं तसेच राहतात आणि वाचणारा साचा वाचतच नाही.

मग कावेरी दिसली की उडवायचं असं सोपं सूत्र कराल तर तेही चुकेल, कारण लोणावळ्याच्या हॅचरीत तयार केलेलं खुद्रीचं बीज, म्हणजे पिल्लं, कावेरीत सोडलं गेलं आणि तो तिथं चांगला पसरला, इतका की मूळच्या कुबडवाल्याला त्याचा त्रास झाला असं अभ्यासक म्हणतात. त्यामुळं नुसती नदी बघून निकाल द्यायचा नाही. साल, नदी, वर्णन आणि फोटो असेल तर फोटो, एवढं सगळं जुळलं तरच वाक्य ठेवायचं. एका लेखाला यात दोन-तीन संध्याकाळी जातात, त्या जाऊ द्या.

मांगूरच्या लेखात हाच घोळ बाजारामुळं होतो. आपला देशी मांगूर म्हणजे क्लॅरिअस मागूर, जो आता धोक्यात आहे. थाई मांगूर म्हणून विकला जातो तो आफ्रिकेतला क्लॅरिअस गॅरिएपिनस, ज्याच्या पालनावर आपल्याकडं बंदी आहे. एकाच लेखात एका ओळीत "संकटात आलेला" आणि पुढच्या ओळीत "बंदी घातलेला" असं वाचायला मिळालं तर समजून जा की दोन मासे एकात शिवलेत.

स्थानिक नावांसाठी नदीवर जाऊन विचारा, सांगलीजवळच्या हरिपूरच्या संगमावर, कराडला, जिथं भोई मंडळी जाळी टाकतात तिथं. काका-मामा करून बसलं की माणसं मनापासून सांगतात आणि त्यांची नजर पक्की असते. पण ते थेट लेखात घालता येत नाही, विकिपीडियावर छापील आधार लागतो. त्यांच्याकडनं कळलेल्या नावावरनं आधार शोधायला निघा. आणि एका गावचं नाव अख्ख्या महाराष्ट्राचं म्हणून लिहू नका.

संवर्धनाची स्थिती

आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत त्याच प्रजातीचं पान उघडा, शेवटचं मूल्यांकन घ्या आणि वर्षासकट लिहा. वर्ष नसेल तर त्या शब्दाला काही अर्थ नाही. खुद्री आधी "संकटग्रस्त" होता, नंतरच्या मूल्यांकनात "किमान चिंता" मध्ये गेला. २०२० साली त्याच्या बातम्या आल्या आणि काहींनी महाशीर संकटातून बाहेर असंच लिहून टाकलं. पुटिटोरा अजून संकटग्रस्त आहे, रेमादेवी तर अतिसंकटग्रस्त. अशा एका ढिल्या वाक्यानं चुकीच्या माशाचं नुकसान होतं, म्हणून मी यावर अडून बसतो.

लांबी-वजन

एकूण लांबी शेपटीच्या टोकापर्यंत असते, प्रमाण लांबीत शेपटीचा पर धरत नाहीत. कुठली ते लिहा. सर्वाधिक नोंद आणि नेहमी मिळणारा आकार वेगवेगळ्या वाक्यांत ठेवा.

फोटो

कॉमन्सवरचा, म्हणजे विकिपीडियाच्या मोफत फोटोंच्या साठ्यातला, फोटो नुसतं नाव बघून टाकू नका, वर्णनात नदी कुठली लिहिली आहे ते बघा. पर निळसर असतील तर खुद्रीची शक्यता, नारिंगी पर आणि पाठीवर कुबड असेल तर तो रेमादेवी. खात्री होत नसेल तर जीवचौकट, म्हणजे लेखातली वर्गीकरणाची चौकट, फोटोशिवाय राहू द्या.

काढून टाकायचं

रेसिपी, बुद्धी वाढते, डोळे सुधारतात, बाजारभाव.

आता भाषा, आणि मग जतन

वाक्यं सरळ करा, इंग्रजी पानावरनं आलेली कर्मणी रचना मोडा. सगळे बदल एका दमात जतन करू नका. नाव दुरुस्त केलं की एकदा, विक्रम काढला की एकदा, असं तुकड्यातुकड्यानं करा आणि प्रत्येक वेळी बदलाच्या सारांशात कारण लिहा, म्हणजे कुणाला एखादी गोष्ट पटली नाही तर तेवढीच उलटवता येईल. काढलेलं मोठं वाक्य चर्चा पानावर नेऊन ठेवा, ते कुठल्या माशाचं होतं ते सांगा आणि जमलं तर त्या माशाच्या लेखात हलवा.

शेवटी बाकीच्या भाषांचे दुवे उघडून बघा. आपला खुद्रीचा लेख विकिडेटावर, म्हणजे सगळ्या भाषांतले लेख एकमेकांना जोडणाऱ्या माहितीसाठ्यात, चुकून महाशीर या गटाच्या नोंदीला जोडलेला असेल तर तिथनं सोडवून प्रजातीच्या नोंदीला जोडा, नाहीतर पुढचा माणूस त्याच दुव्यावरनं जाऊन गटाची माहिती परत आणून ओतेल. लेख निरीक्षण सूचीत टाका आणि पावसाळ्यात जास्त लक्ष ठेवा, कारण नदीतल्या माशांच्या बातम्या आल्या की त्या आठवड्यात लेखात भर पडतेच.