बीकॉम-बीए झालंय आणि नोकरी करत करत एमसीए करायचंय? मग हे बघा

मी बीकॉमवाला, परभणीत एका पतसंस्थेत कामाला, आणि नोकरी न सोडता बाहेरून एमसीए, म्हणजे कॉम्प्युटरची पदव्युत्तर पदवी, केलं. आता दर महिन्याला कुणी ना कुणी विचारायलंय की दादा आम्हाला जमंल का, आमचं तर कॉम्प्युटर नव्हतं, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकावं.

आधी बारावीची मार्कशीट काढा. पदवीची नाही, बारावीची. एमसीएला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, पण बऱ्याच ठिकाणी गणित बारावीला नाहीतर पदवीला असावं लागतं, आणि पदवीला 50 टक्के, राखीव प्रवर्गाला 45. आपल्याकडं कॉमर्सला गणित नको रे बाबा म्हणून त्याच्या जागी एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेणारे ढीगभर आहेत आणि ते सगळे इथंच अडकतात, तेही फॉर्म भरताना शेवटच्या दिवशी. गणित नसंल तर रडत बसू नका, बऱ्याच ठिकाणी पीजीडीसीएला (कॉम्प्युटरचा पदव्युत्तर डिप्लोमा) कुठलाही पदवीधर घेतात, माहितीपत्रकातली पात्रतेची ओळ स्वतः वाचा, सेंटरवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. दुसरा रस्ता नायलिटचा, ही केंद्र सरकारची कॉम्प्युटर शिकवणारी संस्था. त्यांचं सेंटर संभाजीनगरला विद्यापीठाच्या कॅम्पसमध्येच आहे, ओ लेव्हल, ए लेव्हल, बी लेव्हल अशा पायऱ्या आहेत, जानेवारी आणि जुलैत परीक्षा, एकेक पेपर सोडवत वर जाता येतं. सीडॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेचा पीजी डिप्लोमा लई नावाजलेला आहे पण तो सहा महिने दिवसभराचा, नोकरीवाल्याला जमत नाही. सीईटी देऊन कॉलेजातलं रेग्युलर एमसीए पण तसंच, सोडून द्या.

राहिलं इग्नू किंवा दुसरं एखादं मुक्त नाहीतर ऑनलाइन विद्यापीठ. एमसीए पूर्वी तीन वर्षांचं होतं, 2020-21 पासून दोन वर्षांचं झालं, पण पदवीला कॉम्प्युटर विषय नसलेल्यांना वरून ब्रिज कोर्सचे, म्हणजे पाया भरून काढायचे, विषय असतात, त्यामुळं पहिलं वर्ष जड जातं हे धरूनच चाला. इग्नूत प्रवेश जानेवारी आणि जुलैत, परीक्षा जून आणि डिसेंबरला. रिजनल सेंटर पुण्याला, मुंबईला, नागपूरला, त्यामुळं काही अडकलं की फोन आणि मेलवरच भागवावं लागतं. असाइनमेंट जमा केली की पोचपावतीचा फोटो काढून ठेवा. लॅबला हजेरी सक्तीची असते, ती बुडवून "नंतर बघू" म्हणणारे नंतर बघतच बसतात.

आणि पैसे भरायच्या आधी यूजीसीच्या डीईबीच्या (दूरशिक्षण बघणारा विभाग) साईटवर विद्यापीठाचं नाव, कोर्सचं नाव आणि चालू वर्ष, तिन्ही बघा. विद्यापीठ मान्य असतंय पण तोच कोर्स त्या वर्षी मान्य नसतो असंही होतं. आता डिस्टन्सच्या प्रवेशाला डीईबी आयडी पण काढावा लागतो. मी आधी एका क्लासमध्ये "नोकरीची हमी" ऐकून पैसे घातले होते, हमी तर सोडा, तीन महिन्यांत क्लासची पाटी पण गेली. तेवढे पैसे शिकवणीचे म्हणून धरले झालं.

आता खरी गोष्ट. एमएस-सीआयटी झालंय, टॅली येतं, एक्सेल येतं म्हणजे प्रोग्रामिंग येतं असं नाही, पण तुम्हाला काहीच येत नाही असंही नाही. तुमचं जे रोजचं काम आहे तेच पहिल्या दिवसापासून प्रोग्राममध्ये घाला. पुस्तकातले त्रिकोण आणि चांदण्या छापायचे प्रोग्राम मला कधी समजले नाहीत, व्याज समजलं. कामून, तर व्याजाचं उत्तर मला आधीच माहीत होतं. सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलं, मुद्दल गुणिले कंसात दर भागिले 100, गुणिले वर्षं. मुद्दल 50,000, दर 9, दोन वर्षं. शेंबडं पोरगं पण सांगंल 9,000. स्क्रीनवर आलं 0. रात्री साडेअकरापर्यंत डोकं फोडलं, बायको म्हणली झोपा आता, शून्य व्याजानं कोण ठेवतंय ठेव. सकाळी कळलं की सी मध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, 9 भागिले 100 म्हणजे 0.09, त्यातला 0 ठेवला आणि बाकीचं फेकून दिलं, मग पुढं कितीही गुणा, शून्यच. 100 च्या जागी 100.0 लिहिलं की 9,000 आले. हा डेटा टाइपचा (आकडा पूर्णांक की दशांश ते आधी ठरवायचा) धडा मला आयुष्यात विसरणार नाही.

असंच पायथन या दुसऱ्या भाषेत 0.1 अधिक 0.2 करून बघा, 0.3 येत नाही, 0.30000000000000004 येतं. कॉम्प्युटर आकडे दोनच्या घातांत, म्हणजे अर्धा, पाव, अर्धपाव असे तुकडे जोडून ठेवतो आणि 0.1 त्यात नेमका बसत नाही. दिवसाची रोकड जुळवताना एक पैसा फरक आला तर काय होतं हे काउंटरवर बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून पैशाचे प्रोग्राम करताना रुपये नाही, पैसे धरा, पूर्णांकात. आडतीवर काम करत असाल तर सोयाबीनची पट्टी बनवा, वजन, भाव, हमाली, तोलाई, कपात. शिक्षक असाल तर हजेरी. उत्तर चुकलं की तुमच्या लगेच लक्षात येतं, हा फायदा कॉम्प्युटरच्या पोरांना नसतो.

वेळेचं म्हणाल तर रात्रीचा अभ्यास माझ्याच्यानं झाला नाही, पहाटे पाच ते साडेसहा हीच वेळ खरी, लाइट गेली तरी लॅपटॉप चार्ज असतो आणि घरातलं कुणी हाक मारत नाही. लिहिलेला कोड रोज गिट (कोडमधले बदल जपून ठेवणारं साधन) वापरून इंटरनेटवर चढवून ठेवा, डेटा नगण्य जातो, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर होतं. संभाजीनगरला जाताना मराठवाडा एक्सप्रेसमध्ये हायकोर्टात निघालेले वकील फाइली काढून बसतात, मी वही काढायचो आणि एकेका ओळीनंतर कुठल्या व्हेरिएबलमध्ये (आकडा ठेवायचा नावाचा कप्पा) काय राहिलं ते हातानं लिहायचो, खतावणी लिहितात तसं. लूप, म्हणजे तीच ती ओळ परत परत चालवणं, मला असेच कळाले.

डेटा स्ट्रक्चर (माहितीची मांडणी) आणि डीबीएमएस (डेटाबेस) हे विषय जिथं अडले तिथं एनपीटेल, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन धडे, लावलं, बघायला फुकट आहे, प्रमाणपत्र पाहिजे तर परीक्षेची फी भरावी लागते. गणिताचा विषय मात्र कुणाकडून तरी समोर बसून शिकून घ्या, व्हिडिओनं ते पोटात जात नाही.

जूनची परीक्षा पेरणीत येते. घरी शेत असंल तर जूनला दोनच पेपर द्या आणि बाकीचे डिसेंबरला टाका, एका झटक्यात सगळे द्यायचा हट्ट मी केला आणि तीन पेपर राहिले. पतसंस्था, बँकवाल्यांनी मार्च एंडच्या महिन्यात अभ्यासाचं नावच काढू नये, उगं मनाला लागतं.

प्रोजेक्टला रेडिमेड विकत घेऊ नका, तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतंय. मी पिग्मी एजंटची रोजची वसुली हाच विषय घेतला, खातेदारांची खरी नावं न वापरता शंभर खोटी खाती बनवली. बाहेरून आलेल्या सरांनी कोड चाळला आणि विचारलं, रक्कम इंटिजरमध्ये, म्हणजे पूर्णांकात, कामून ठेवली? त्याच्यावर मी पंधरा मिनिटं बोललो.