रेलानापुढे वारंवार हार होत होती, ती अशी थांबली

'एल्डन रिंग' या व्हिडिओ गेमच्या २०२४ च्या विस्तारात आधीची लेव्हल फारशी कामी येत नाही. तिथे लागतात स्काडूट्रीचे तुकडे, म्हणजे ताकद वाढवणाऱ्या वस्तू. एकूण ५०, त्यांतून आशीर्वादाची पातळी २० पर्यंत जाते; मारही वाढतो, सोसायची ताकदही. तुकडे जवळ असून भागत नाही, ग्रेसपाशी, म्हणजे गेममधल्या विश्रांतीच्या जागी, बसून ते वापरावे लागतात. अनेकांची चूक इथेच होते.

मग रेलाना, या विस्तारातली बॉस. एक तलवार जादूची, दुसरी आगीची. म्हणून जादूपासून वाचवणारा स्पेलड्रेक आणि आगीपासून वाचवणारा फ्लेमड्रेक हे दोन्ही तावीज घालायचे. व्हिगर (जीवनशक्ती) ६० पर्यंत न्या, अंगावरच्या सामानाचे वजन क्षमतेच्या ७० टक्क्यांखाली ठेवा, नाहीतर रोल (वार चुकवायची कोलांटी) जड होतो. मागे पळू नका, तिचे वार लांब पोचतात. तिच्या बाजूला रोल करा. ती दोन चंद्र आणते तेव्हा रोल नको, उडी हवी. एकूण तीन लाटा, तीन उड्या. घाई झाली की तिसरी हमखास चुकते.

हारीला उन्हाळाही कारण असतो. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. लॅपटॉप सोलापुरी चादरीवर ठेवला की खालच्या जाळ्या बंद होतात, प्रोसेसर मंदावतो, फ्रेम तुटतात, म्हणजे चित्र अडखळते, आणि रोल उशिरा पडतो. लाकडी पाटावर ठेवा, गेममधल्या सावल्यांची सेटिंग कमी करा.