काठावरचं अतिक्रमण: आधी रेषा, मग नोटीस

नदी, तळं किंवा समुद्राच्या काठची सार्वजनिक जागा कोणी बळकावली की पहिली ओरड होते ती ‘पाडून टाका’ची. माझी सगळी नोकरी मोजणीत गेली. मी म्हणेन, ओरडू नका, आधी हद्द कायम करून घ्या. हद्दीवर एकमत नसताना काढलेली नोटीस पहिल्याच सुनावणीत लटकते.

काठाची हद्द किचकट, कारण पाणी एका जागी थांबत नाही. अमेरिकेत सरासरी भरतीची पातळी १९ वर्षांच्या नोंदींवरून काढतात, म्हणजे चंद्राच्या कक्षेचं १८.६ वर्षांचं चक्र त्यात पूर्ण येतं. भारतात किनारा नियमनासाठी उधाणाच्या भरतीचं पाणी जिथवर चढतं ती रेषा धरतात. त्यामुळे अर्जात नुसतं ‘भरतीरेषा’ लिहून भागत नाही, कोणती ते लिहा. नदी-तळ्याच्या काठी खुणा वाचाव्या लागतात: गवताची जात कुठे बदलते, दगडावर पाण्याचा डाग कुठवर आहे, काडीकचरा कुठे अडकलाय. पुराच्या खुणा यात धरू नका, नेहमीच्या पाण्याच्या धरा.

गाळ हळूहळू साचून जमीन वाढली तर अनेक देशांतले कायदे हद्दही पुढे सरकली असं मानतात. पात्र अचानक बदललं तर हद्द जुन्या जागीच राहते. शेजारचा मालक अर्थातच ‘गाळ साचला हो’ म्हणतो. अशा वेळी परवानगी काढून पंचांसमोर हातभर खड्डा घ्या. नदीचा गाळ थरांथरांनी बसलेला दिसतो. त्याऐवजी विटांचे तुकडे, फरशीचे कपचे, प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या तर तो भराव. पंचनाम्यात खोलीसकट नोंद करा, पट्टी ठेवून फोटो घ्या. जुने नकाशे आणि वेगवेगळ्या वर्षांची उपग्रहचित्रं सोबत जोडा.

भिंत आणि जेट्टी सगळ्यांना दिसतात. माझ्या मते जास्त चिवट असतं ते मऊ अतिक्रमण. बंगल्याची हिरवळ पाण्यापर्यंत कापून आणलेली, दोन खुर्च्या, चार कुंड्या. कुंपण नाही, पाटी नाही, तरी फिरायला आलेली माणसं तिथून मुकाट मागे वळतात. म्हणून यादीत कुंड्याही लिहा.

यादी पूर्ण काठाची करा. एकट्यादुकट्याला पकडलं की तो ‘मलाच का?’ विचारतो, आणि बरोबरच विचारतो. सुरुवात सगळ्यात मोठ्या बांधकामापासून व्हावी. कोणी राहत असलेल्या झोपड्या या प्रकरणात घुसडू नका. तिथे आधी पुनर्वसनाचा प्रश्न असतो.

नोटिशीआधी नकाशासह साधं पत्र पाठवा. पुष्कळांना आपली हद्द खरंच ठाऊक नसते, आणि घर विकत घेणाऱ्याच्या गळ्यात आधीच्याचं कुंपण आलेलं असतं. मुदत द्या, काम पाण्यात उतरून करायचं असेल तर पाणी ओसरेपर्यंतची द्या. एखादी पायरी किंवा जेट्टी ठेवण्यात लोकांचंही हित असेल, तर लेखी परवाना द्यावा: ठरावीक मुदतीचा, शुल्क घेऊन, केव्हाही रद्द करता येईल असा, आणि घर विकलं तर नव्या मालकाकडे आपोआप न जाणारा. तोंडी ‘असू द्या’ म्हणणारा अधिकारी बदलून जातो. त्याचं ते ‘असू द्या’ मात्र पुढच्या दाव्यात हक्क बनून उभं राहतं.

तरी कोर्टात जावं लागलं तर सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व कामी येतं: अशा जागांचं सरकार मालक नव्हे, जनतेच्या वतीने विश्वस्त. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ साली शिकागोच्या सरोवरकाठाबाबत हे मांडलं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या मोटेलच्या प्रकरणात ते स्वीकारलं.

अतिक्रमण निघालं की त्याच आठवड्यात पायवाट आखा, काठाला स्थानिक गवत लावा आणि हद्दीचे दगड एकमेकांवरून दिसतील इतक्या अंतरावर पुरा. राडारोडा उचलल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नका. नाहीतर तो राडारोडा पाण्यात लोटून मोकळा होतो.