स्कूबा डाइव्हिंगच्या सिलिंडरचं प्रेशर तपासायचं गेज घेण्याआधी

आधी वेगळं गेज खरंच हवंय का ते ठरवा. वर्षातून एकदा तारकर्लीला नाहीतर हॅवलॉकला जाऊन भाड्याच्या किटवर डाइव्ह करणार असाल, तर या खर्चात पडूच नका. रेग्युलेटरला (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणाऱ्या उपकरणाला) जोडलेलं गेज तेच सांगतं आणि पाण्याखाली तर तेच वापरायचं असतं. टँक चेकर, म्हणजे हे वेगळं गेज, लागतो तो बोटीवर डझनभर सिलिंडर चढवणाऱ्याला, कारण भरलेलं कुठलं आणि रिकामं कुठलं हे त्याला रेग्युलेटर न लावता, पटापट बघायचं असतं.

घ्यायचंच असेल तर पहिली चौकशी व्हॉल्व्हची. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमची, ११.१ लिटरची, २०७ बारची (बार हे प्रेशरचं एकक) सिलिंडर दिसतात आणि त्यांना योक गेज, म्हणजे व्हॉल्व्हभोवती बसवून मुठीने आवळायचं, चालतं. डिन व्हॉल्व्ह, म्हणजे ज्यात गेज आट्यांनी फिरवून बसवतात तो, असेल तर २०० की ३०० बारचा तेही विचारा. २०० बारच्या फिटिंगला पाच आटे असतात, ३०० बारच्याला सात. पाच आट्यांचं फिटिंग ३०० च्या व्हॉल्व्हमध्ये सील होत नाही, उलट मात्र चालतं. योकची ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी) सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये बसते, डिनची गेजच्या टोकाला. तेव्हा तुमच्या प्रकाराच्या दोन-चार ओ-रिंगा त्याच खरेदीत उचला, ऐनवेळी किनाऱ्यावर त्या मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे ब्लीड स्क्रू, गेजमध्ये अडकलेली हवा सोडायचा. हा नसेल तर गेज कितीही देखणं असलं तरी परत ठेवा. व्हॉल्व्ह बंद केल्यावरही गेजमध्ये पूर्ण प्रेशरची हवा अडकून राहते आणि योकची मूठ तसूभर हलत नाही. जोर लावून फिरवलीच तर ओ-रिंग फाटते, गेज हातातून उडूही शकतं. स्क्रू अर्धा फेरा सैल केला की फुस्स आवाज येतो, काटा शून्यावर उतरतो आणि मूठ बोटांनी सुटते. दुकानातच हे दोनदा करून बघा. हवा सोडल्यावरही काटा शून्याच्या वर अडकत असेल, तर त्या गेजचे बाकीचे आकडेही धरू नका.

डायल वाचता येते का, हेही बघा. अंगठ्याएवढी गेज खिशात मावतात, पण चाळिशी लागलेल्या माणसाला त्यावर ५० आणि ७० मधला फरक कळत नाही. आकडे बारमध्ये असावेत. पीएसआयही (प्रेशरचं दुसरं एकक) असले तर बरंच, कारण २०७ बार म्हणजे ३००० पीएसआय हा हिशेब बोटीवर कोणी ना कोणी विचारतोच. डिजिटलचा आकडा स्पष्ट दिसतो, पण सेल संपला की तो नुसता डबा. साध्या काट्याला सेल लागत नाही, म्हणून खाऱ्या हवेत मी काट्यालाच मत देईन.

दोन गेज दहा बार इकडे-तिकडे दाखवतात, तेवढं गृहीत धरा. भरण्याच्या जागेचं आणि तुमचं, दोन्ही एकाच सिलिंडरवर लावून फरक लिहून ठेवा. पण सिलिंडर थंड झाल्यावरच, कारण ताजं भरलेलं गरम असतं. ५० अंशांवर २०७ दाखवणारं सिलिंडर २७ अंशांना आलं की १९२ च्या आसपास उतरतं. ती गळती नव्हे, उगाच कॉम्प्रेसरवाल्याशी भांडू नका. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) वापरत असाल तर गेज फक्त प्रेशर सांगतं. ऑक्सिजनचं प्रमाण मोजायला ॲनलायझर वेगळा लागतो.

वापरताना व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. गेजची काच आणि पाठ, दोन्ही स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या तोंडासमोरून वळवून धरा. आत काही फुटलंच तर हवा तिथूनच बाहेर पडते. काम झाल्यावर व्हॉल्व्ह बंद, मग ब्लीड, मगच मूठ सैल. संध्याकाळी गेज गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, हवा आत जायच्या भोकात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, आणि सुकल्यावर टोपण लावून ठेवा.