दुखरा गुडघा आणि ट्रायथलॉनची सुरुवात: या चुका टाळा

कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांत हे बोलणं हमखास कानावर पडतं: "गुडघा दुखतोय म्हणून पळणं बंद केलं. आता सायकल आणि पोहणं. गुडघ्याला कसला त्रासच नाही." त्यातूनच पुढं ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ करायच्या शर्यतीची, हौस लागते, आणि ती जरूर लागावी. पोहताना आणि सायकल चालवताना पाय जमिनीवर आदळत नाही, हे खरंच. पण मिनिटाला ८० फेऱ्यांच्या लयीत तासभर सायकल मारली की एकेक गुडघा ४८०० वेळा वाकतो. सीट बोटभर चुकलेली असेल, तर तो प्रत्येक वेळी चुकीचाच वाकतो. मी पाहतो त्या नवख्यांचं दुखणं बरेचदा इथंच वाढलेलं असतं आणि खापर मात्र पळण्यावर फुटतं.

आधी डॉक्टर, मग सायकलचं दुकान

गुडघ्याला सूज येते, तो मध्येच अडकतो, चालता चालता दगा देतो किंवा रात्री दुखून जाग येते, यातलं काहीही असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वाटीमागचं दुखणं वेगळं, गुडघ्यातली फाटलेली गादी (मेनिस्कस) वेगळी, लिगामेंटची दुखापत वेगळी आणि वयानं होणारी झीज वेगळी. शेजाऱ्याला लागू पडलेला व्यायाम तुम्हाला लागू पडेलच असं नाही. पुढचं सगळं, डॉक्टरांनी "व्यायाम करा" असं सांगितलेल्यांसाठी आहे.

सीट खाली आणि गिअर जड

दुकानात नवी सायकल देताना सीट बहुधा दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी लावून देतात. गल्लीत फिरायला ते ठीक आहे. पण ट्रायथलॉनच्या सरावाला ती सीट खूपच खाली असते. गुडघा जास्त वाकलेल्या अवस्थेतच जोर लावतो आणि वाटीवर दाब येतो.

घरच्या घरी तपासता येतं. सायकल भिंतीला टेकवा, सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल अगदी खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा आणि कंबर एका बाजूला कलायला नको. मग पंजा पॅडलवर आणला की गुडघ्यात हलकासा बाक राहतो, साधारण २५ ते ३५ अंशांचा. तेवढाच हवा.

त्यानंतरही दुखलं तर जागा बघा. पुढून, वाटीपाशी दुखत असेल तर सीट खाली आहे, फार पुढं सरकलेली आहे किंवा गिअर जड पडतोय. मागून, खोबणीत दुखत असेल तर सीट बहुधा वर गेली आहे. आतून किंवा बाहेरून दुखत असेल तर पॅडलवर पाऊल कुठल्या कोनात पडतंय ते बघा. क्लिपचे बूट असतील तर आधी क्लीटवर, म्हणजे बुटाखालच्या पॅडलमध्ये अडकणाऱ्या पट्टीवर, संशय घ्या. सीट एका वेळी ३ ते ५ मिलीमीटरच हलवा, जुन्या जागेवर चिकटपट्टीची खूण ठेवा आणि दोन-तीन फेऱ्या मारल्याशिवाय पुन्हा पान्याला हात लावू नका.

आता पन्हाळा. सायकल घेतली की पहिल्याच रविवारी पन्हाळा किंवा जोतिबा गाठायचा, हा कोल्हापुरी उत्साह मला मनापासून आवडतो. पण दुखऱ्या गुडघ्यानं वाघबीळचा चढ जड गिअरवर, दात-ओठ खाऊन चढणं म्हणजे महिनाभराची कमाई एका सकाळी घालवणं. सुरुवातीचे काही आठवडे सपाट रस्ता धरा. १५ सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा. २० ते २२ वेळा आला पाहिजे. कमी भरला तर गिअर हलका करा. आणि गळीत हंगामात पहाटे अंधारात निघू नका. उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नसला तर ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

विहिरीतलं पोहणं आणि टँकमधलं पोहणं

वीरधवल खाडे याच कोल्हापूरचा, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला. पण आपल्यातले बहुतेक जण विहिरीत किंवा राजाराम बंधाऱ्यावर शिकलेले, डोकं वर ठेवून, बेडकासारखे पाय मारत. ट्रायथलॉनमध्ये कसंही पोहायला मुभा आहे, त्यामुळं हीच सवय पुढं चालू राहते. त्या लाथेत नडगी बाहेर फिरते आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर ताण येतो. आतून दुखणाऱ्यांनी ती सोडून फ्रीस्टाइल शिकावं.

फ्रीस्टाइलमध्येही डोकं वर राहिलं की पाय बुडतात आणि ते वर ठेवायला गुडघ्यातून लाथा झाडाव्या लागतात. लाथ कमरेतून यायला हवी, छोटी आणि सैल. अंबाई टँकवर किंवा तुमच्या जवळच्या टँकमध्ये मांड्यांत पुल बॉय (पाय तरंगत ठेवणारा फोमचा ठोकळा) धरून नुसत्या हातांनी पोहून बघा. गुडघा कुरकुरतोय अशा दिवशी तेवढाच सराव पुरे. भिंतीला पाय लावून जोरात ढकलणंही त्या दिवशी टाळा.

पळणं

लांब ढांग टाकू नका. पाऊल शरीराच्या फार पुढं पडलं की धक्का गुडघ्यात जातो. वेग तोच ठेवून मिनिटाची पावलं ५ ते १० टक्के वाढवली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं सपाटीवर करा. विद्यापीठाच्या आवारात सावली छान आहे, पण तिथले उतार चालतच उतरा.

बैठका

तालमीच्या गावात हे लिहिणं थोडं अवघड आहे, तरी लिहितो. "रोज शंभर बैठका मार, गुडघा लोखंडासारखा होईल," असं वडीलधारी माणसं प्रेमानं सांगतात. मुद्दा बरोबर आहे. मांडी आणि नितंबांत ताकद नसेल तर गुडघा सुधारत नाही. पण वाटी दुखत असताना पूर्ण खोल बैठकेनं सुरुवात करणं चुकीचं. आधी पाठ भिंतीला टेकवून अर्धवट बसल्यासारखं ३० सेकंद थांबा, पाय सरळ ठेवून उचला, पाठीवर झोपून कंबर उचला, कुशीवर झोपून वरचा पाय वर न्या. मग आरशासमोर एका पायरीवरून सावकाश उतरा आणि गुडघा आतल्या बाजूला वळतोय का ते बघा. वळत असेल तर नितंबाची बाजू कच्ची आहे. आठवड्यातून दोनदा हे करा आणि खोली हळूहळू वाढवा. पुढं बैठका जरूर मारा. वस्तादांचा व्यायाम सोडायचा नाही, तिथवर पायरी-पायरीनं जायचं.

तिन्ही एकदम वाढवणं

सोमवार ते शनिवार नोकरी आणि रविवारी सगळं एकदम, यानं गुडघा हमखास बिघडतो. एका आठवड्यात तिन्हींतली एकच गोष्ट वाढवा. सरावात दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं नाही आणि दुसऱ्या सकाळी पहिल्यासारखं झालं तर चालू ठेवा. सकाळी जिना उतरताना जास्त जाणवलं तर पुढच्या वेळी निम्म्यावर या. दुखण्यावरची गोळी घेऊन सराव करू नका. दुखणं कळेनासं होतं, आणि उन्हात घाम गाळताना त्या गोळ्या किडनीलाही जड जातात. नी-कॅप आधार देते, पण कमजोर मांडीची भरपाई करत नाही.

२०१९ मध्ये गोव्यात आयर्नमॅन ७०.३ ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडं नजर थेट तिकडं जाते. तिथं १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल आणि २१.१ पळणं आहे. पहिल्यांदा स्प्रिंट, म्हणजे छोट्या पल्ल्याची ट्रायथलॉन करा: ७५० मीटर, २० किलोमीटर, ५ किलोमीटर. आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरल्या उतरल्या दहा मिनिटं चाल-पळ करा. सायकलीनंतर पाय जड पडतात आणि त्या जडपणातच पाऊल वेडंवाकडं पडतं. स्पर्धेच्या दिवशीही सायकल स्टँडला लावा, मग हेल्मेट काढा, बूट बदला आणि पहिली दोन-तीन मिनिटं चालतच निघा.